वरच्या वाडीचं चित्र

दादा,

काल आपल्याकडच्या साप्ताहिकाचे संपादक घरी आले होते. तुझ्यावर अर्धं पान द्यायचं म्हणाले. जन्म, शिक्षण, नोकरी, प्रदर्शनं, पुरस्कार अशा ओळी छापलेला कागद त्यांनी पुढे केला. म्हणाले, "ताई, एवढं भरून द्या, बाकी आम्ही लिहितो." मी पेन घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडकले. तुझी खरी जन्मतारीख आईलाही ठाऊक नव्हती. भाताची लावणी चालली होती, एवढंच ती सांगायची. शाळेत गुरुजींनी जूनमधली एक तारीख टाकली आणि तीच तुला आयुष्यभर पुरली. मी कागद त्यांना परत दिला. म्हटलं, मला लिहायचंय, पण ह्या ओळींत नाही.

म्हणून तुलाच लिहितेय. तुला सगळं माहीत आहे. पण हे आता इतरही वाचतील, तेव्हा काही गोष्टी तुझ्या तुलाच सांगितल्यासारख्या होतील. चालवून घे.

तू जाऊन दहा दिवस झाले. मंगळवारी सकाळी चहा ठेवून मी तुला हाक मारली, तर तू नेहमीसारखा पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होतास. तुझं ते रोजचं बसणं. बुद्धवंदना झाली की डोळे मिटून पंधरा-वीस मिनिटं, मग ब्रश. मी चहा झाकून ठेवला. तुला त्या वेळी हाक मारलेली आवडत नसे. चहा निवला, मी पुन्हा गरम केला, आणि तेव्हा मला कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, काही जाणवलंही नसेल. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय.

आपण दोघं तीस वर्षं एका छपराखाली राहिलो. तू लग्न केलं नाहीस, मी सासर सोडून आले. महाडात लोकांनी सुरुवातीला खूप विचारलं, मग विचारायचं सोडलं. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचे, तू पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या शाळेत चित्रकला. रोज सकाळी तुझी मोटरसायकल चालू व्हायला सहा लाथा लागायच्या. सातवीला ती ऐकायची.

तेव्हा तू चेहरे काढायचास. सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसलेली माणसं, दगड फोडणाऱ्या बाया, मुंबईहून आजारी होऊन परतलेले गिरणीतले म्हातारे. लोक म्हणायचे, मास्तरांच्या चित्रातल्या माणसाकडं बघवत नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि थोडी भीतीही. एकदा मी तुला विचारलं होतं, "दुसऱ्याचं दुःख एवढं टक लावून बघतोस, तुला लाज नाही वाटत?" तू म्हणालास, "वाटते ना. म्हणून तर नीट काढायचा प्रयत्न करतो."

मग त्या पावसाळ्यात वरच्या वाडीवर डोंगर आला.

सात घरांची वाडी. तुझ्या शाळेपासून दीड तास चढण. चार दिवस पाऊस उघडला नव्हता, सावित्री नदी आपल्या बाजारपेठेत शिरली होती, आपण दोघं माळ्यावर तांदळाचे डबे चढवत होतो. तेवढ्यात कोणीतरी येऊन सांगितलं. तुझ्या आठवीतल्या दोन मुली त्या वाडीतल्या होत्या. रस्ता तिसऱ्या दिवशी उघडला आणि आपण गेलो. मी घोंगड्या आणि भाकऱ्या घेतल्या होत्या, तू नेहमीची शबनम पिशवी. तिच्यात तुझी वही होती, मला दिसत होती.

तिथं पोचल्यावर मी भूगोलाची बाई झाले. उतार किती, माती किती भिजली, पाणी कुठून मुरलं, हे मनात मांडत राहिले, कारण समोर जे होतं ते मांडता येत नव्हतं. वाडी नव्हतीच. वरून खालपर्यंत एक लाल पट्टा, ओला, चकाकणारा, जसा एखाद्या जनावराचा कातडं सोललेला भाग. त्याच्या कडेला एक उंबर तेवढा उभा. तू वही काढली नाहीस. दिवसभर माती उपसणाऱ्यांत होतास. तुझ्या दोन मुलींपैकी एक सापडली. तिला बाहेर घेताना तू तिचे पाय धरले होतेस. दुसरी सापडली नाही. पुढे काही दिवसांनी शोध थांबवला, आणि जे मातीत राहिले ते तिथंच राहिले.

परतताना सावित्रीच्या पुलावर तू गाडी थांबवलीस. मला वाटलं रडशील. तू म्हणालास, "शालू, आता चेहरे नाय काढणार मी." शहरात राहून आपण बोलणं सुधारलं होतं, पण त्या क्षणी तुझ्या तोंडात आपली गावची भाषा आली. आणि तू शब्द पाळलास. त्यानंतर तू एकही चेहरा काढला नाहीस.

पाऊस संपल्यावर, भात कापणीला आलं तेव्हा, तू दर रविवारी तिकडं जायला लागलास. ओढ्याच्या ह्या काठाला एक खडक आहे, तिथून तो सगळा उतार समोर दिसतो. तू तिथं चित्राचा लाकडी घोडा उभा करायचास आणि डोंगर काढायचास. दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी बाळाराम तिथं आला.

बाळारामची गोष्ट तू मला एकदाच सांगितलीस, पण मला ती अक्षर न् अक्षर आठवते. तो मुंबईत एका इमारतीचा वॉचमन. थोरला मुलगा त्याच्याजवळ असायचा, म्हणून तोही वाचला. बायको, आई आणि धाकटी मुलगी वाडीत होत्या. ती धाकटी म्हणजे तुझी न सापडलेली विद्यार्थिनी. बायको आणि आईही सापडल्या नाहीत. तो नोकरी सोडून आला होता आणि दिवसभर त्या उताराच्या आसपास फिरत असायचा.

त्यानं तुझ्या घोड्यावरचा कागद बघितला आणि ओरडला, "आमचं मढं काढतोस काय रे? टीव्हीवाले येऊन गेले, फोटोवाले येऊन गेले, आता तू बाकी होतास?" त्यानं कागद फाडला आणि घोडा उचलून ओढ्यात फेकला. घोडा वाहत गेला, तो तू आणायलाही गेला नाहीस.

घरी आलास तेव्हा हाताला खरचटलं होतं. मी हळद लावत म्हटलं, "बास झालं आता. त्यांना नकोय तर नको जाऊस."

"जाणार," तू म्हणालास.

"आणि पुन्हा कागद फाडला तर?"

"कागद नेणार नाय."

तू खरंच रिकाम्या हातानं गेलास. एक रविवार, दुसरा, तिसरा. सकाळी जाऊन त्या खडकावर बसायचास आणि ऊन डोक्यावर आलं की परत यायचास. मला ते वेड्यासारखं वाटायचं. चौथ्या की पाचव्या रविवारी बाळाराम पुन्हा आला. तुझ्यापासून थोडा दूर उभा राहिला.

"आज कागद नाय?" त्यानं विचारलं.

"तुम्ही नको म्हणालात."

"मग करतोस काय हितं?"

"बघतोय."

मग तो खडकावर येऊन बसला. दोघंही समोर बघत राहिलात. ऊन चढल्यावर त्यानं बोट केलं आणि म्हणाला, "तो उंबर दिसतो? त्याच्या खाली धा पावलांवर आमची पडवी व्हती. तोंड उगवतीला. धाकटी ल्हान व्हती तवा दारात बसून भाकरी खायाची, कोंबड्या हिसकून न्यायच्या." आणि मग तो बोलतच राहिला. त्यानं तुला दार दाखवलं, चूल दाखवली, गोठा दाखवला. सगळं त्या लाल मातीवर बोट फिरवून. उठताना म्हणाला, "पुढच्या टायमाला कागद घेऊन ये."

दादा, त्या दिवशी घरी येऊन तू मला ते सांगितलंस तेव्हा तुझा आवाज एवढा हळू होता की मला गॅस बंद करावा लागला.

त्यानंतर बाकीचे आले. वाचलेले असे मोजकेच होते. कोणी त्या दिवशी माहेरी होतं, कोणी मुंबईत, कोणी खालच्या गावात दळणाला गेलेलं. सोनाबाय त्यांतली. सत्तरीच्या पुढची, दम्याची बाई, औषधाला पोलादपूरला आली आणि पावसानं तिथंच अडकली, म्हणून राहिली. तिच्या घरातलं दुसरं कोणी राहिलं नाही. ती तुझ्या शेजारी बसून सांगायची आणि तू काढायचास, आणि ती चुका काढायची. "उखळ दाराच्या ह्या अंगाला नाय रे बाबा, त्या अंगाला. मी डावरी." तू खोडून पुन्हा काढायचास. वह्याच्या वह्या भरल्या.

मग तू पुढच्या खोलीतलं सगळं सामान माझ्या खोलीत हलवलंस आणि भिंतभर कॅनव्हास लावलास. आठ महिने त्या खोलीत तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास होता, आपण जेवायला स्वयंपाकघरात बसायचो. तू वरची वाडी काढलीस. जशी होती तशी. सातही घरं, कौलं, गवताच्या गंज्या, वरकस उतारावरची नाचणी, गोठे, पाण्याची पन्हाळ, तुळशी, वाळत घातलेले सांडगे. माणूस मात्र एकही नाही. माणूस आत्ताच आत गेलंय, आता बाहेर येईल, असं वाटायचं. मी शाळेतून आले की आधी तिथं जाऊन उभी राहायचे. मी आयुष्यभर नकाशे शिकवले, पण एखादी जागा एवढी पूर्ण असू शकते हे मला तेव्हा कळलं. मी मनात म्हणायचे, माझ्या भावानं मेलेली वाडी उभी केली.

चित्र पुरं झालं तेव्हा तू वाडीतल्या सगळ्यांना घरी बोलावलंस. आठवतंय? चैत्रातला दिवस. टेम्पोनं आले. आधी कोणी आत यायला तयार होईना, सगळे ओट्यावर उभे. मला वाटलं, आपल्या घरात यायला बिचकतायत. आपल्या आजीला ह्यांच्याच खोऱ्यातल्या अंगणाच्या कडेला उभं राहून ओंजळीत पाणी घ्यावं लागायचं, ते मी विसरलेले नाही. पण ते त्यासाठी थांबले नव्हते. त्यांना आत काय आहे ते ठाऊक होतं, आणि पाऊल उचलत नव्हतं.

सोनाबाय आधी शिरली. मग सगळे. दिवसभर बसून होते. रडणं झालं, मग रडणं ओसरलं आणि बोलणं सुरू झालं. कोणाच्या म्हशीनं कोणाची वरी खाल्ली ते भांडण निघालं, कोणी हसलंसुद्धा. मी तीन वेळा चहा केला. तू कोपऱ्यात मांडी घालून बसला होतास. ऊन उतरलं तेव्हा तू उठून सोनाबायजवळ आलास.

"आजी, हे असंच ठेवू?"

तिनं चित्राकडं बघितलं. मग म्हणाली, "झाक बाबा. उघडं किती येळ ठेवायचं मानसाला?"

मला वाटलं, कापड घालायचं म्हणतेय. मी आतून चादर आणायला उठलेसुद्धा. तू बाळारामकडं बघितलंस. त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून तू त्या वाडीवर माती रंगवायला सुरुवात केलीस. मी शाळेतून आले तर वरची दोन घरं गेली होती. मी ओरडले. मला वाटतं शेजारपाजारच्यांनीही ऐकलं असेल. "काय करतोयस दादा! वेड लागलंय का तुला?" तू ब्रश खाली घेतलास, पण वळला नाहीस.

"तसंच झालं ना गो," तू म्हणालास. "असंच झालं ना."

मी त्या आठवड्यात पुढच्या खोलीत गेले नाही. एकदाच दारातून म्हटलं, रागानंच म्हटलं, की निदान तिथली खरी माती आणून मिसळ, शहरातले लोक वाहवा तरी करतील. तू ब्रश थांबवून माझ्याकडं बघितलंस. "त्या मातीत माणसं हायत, शालू." एवढंच.

शेवटी जेव्हा मी खोलीत गेले तेव्हा भिंतीवर डोंगर होता. फक्त डोंगर. लाल उतार, त्यावर पहिल्या वर्षीचं कोवळं गवत, कडेला कारवीची झुडपं, तो उंबर, वर ढग. पण दादा, मी उभ्या आयुष्यात तसा डोंगर पाहिला नव्हता. तो नुसता पडलेला नव्हता. काहीतरी पोटाशी धरून बसलेला होता. मला माझ्या रागाची आठवणसुद्धा राहिली नाही. मी जमिनीवर बसले. तू चहा करून आणलास आणि माझ्या शेजारी बसलास. त्या घटकेबद्दल मी तुझी ऋणी आहे, हे तुला कधी सांगितलं नाही.

इथपर्यंत आपलं भांडण नव्हतं. ते पुढे झालं.

मुंबईहून त्या कलादालनाच्या बाई येऊन चित्र बघून गेल्या, दोनदा फोन केला, मोठ्या प्रदर्शनात मधल्या भिंतीवर लावू म्हणाल्या. तू त्यांना जेवायला घातलंस आणि नाही म्हणालास. वाडीतल्या लोकांना खाली रस्त्यालगत नवी वसाहत बांधून मिळाली होती. तिथल्या समाजमंदिराच्या भिंतीवर तू ते चित्र लावून आलास. उघडंच. काच नाही, चौकट नाही.

वर्षभरानं मी तिथं गेले तर चित्राला हळदीकुंकू लावलेलं. खाली नारळ, उदबत्ती, तांदळाच्या मुठी. धुरानं वरचे ढग पिवळे पडलेले. मी तिथं काही बोलले नाही. घरी येऊन तुला तळ्याकाठच्या बाकावर नेलं, कारण घरात बोलले असते तर आवाज चढला असता. तिथंही चढलाच.

"आपण कशातून बाहेर पडलो, ठाऊक आहे ना तुला?" मी म्हटलं. "बौद्ध झाल्यावर आईनं देव्हारा कसा बाहेर काढला होता ते सांगायची ती. आणि तुझ्या हातच्या चित्राला कुंकू? तू ते चालवून घेतोस?"

"ते चित्राला हात नाय जोडत."

"मग कोणाला जोडतात?"

"त्यांच्या माणसांना. वर जायला वाट उरली नाय. पावसाळ्यात कोण सोडतही नाय. मग जाणार कुठं?"

"बरं. मग काच तरी लाव. एवढं चित्र, धुरानं आणि तेलकट हातांनी पाच वर्षांत मातीमोल होईल."

"काच लावली की हात पोचत नाय गो."

"हात कशाला पोचायला हवा? बघता येत नाही लांबून?"

तू हसलास. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "खरं सांग दादा, तुला त्यांचा देव व्हायचंय. ज्यांनी आपल्याला दारात उभं केलं नाही, ते आता तुझ्यापुढं वाकतात, त्याचं तुला सुख आहे."

पाण्याकडं बघत बसलास. मग म्हणालास, "चल, घरी जाऊ. वारा सुटलाय, तुला खोकला येईल."

त्यानंतर आपण तो विषय काढला नाही. तू माझ्यासाठी आवडीचे मासे आणायचास, मी तुझ्या शर्टांवरचे रंगाचे डाग काढायचे. तू बोलणं सोडलं नाहीस, मीही नाही. पण ते वाक्य माझ्या तोंडून गेलं होतं आणि मी ते परत घेतलं नाही. रोज वाटायचं, उद्या बोलू. तुझ्यासारख्या माणसाला मी ते म्हटलं, ज्यानं चार-पाच रविवार रिकामे हात मांडीवर ठेवून काढले. हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, म्हणूनच बहुतेक बोलले.

तू गेलास त्या दिवशी वसाहतीतले सगळे आले. सोनाबायला बाळारामनं उचलून टेम्पोतून उतरवलं. आता तिला चालवत नाही. भन्तेजींनी सूत्रं म्हटली तेव्हा ती माणसं आपल्या लोकांच्या मागं हात जोडून उभी होती. कशाला काय म्हणायचं ते त्यांना येत नव्हतं, तरी शेवटपर्यंत उभी होती. जाताना सोनाबाय मला म्हणाली, "बाय, आमच्याकडं येऊन जा गो एकदा."

तुझं पुण्यानुमोदन झाल्यावर, परवा, मी गेले. खरं सांगते, मनात काय घेऊन गेले ते. तू आता अडवायला नव्हतास. मी बाजारपेठेतल्या काचवाल्या चाचांना बरोबर घेतलं होतं, माप घ्यायला. म्हटलं, तुझी आठवण म्हणून मी काच बसवून देईन. कोणी नाही म्हणणार नाही. तुझं चित्र वाचेल.

समाजमंदिराचं दार उघडंच होतं. चाचा टेप काढून पुढे झाले आणि एकदम थांबले. "बाई, इथला रंग गेलाय," ते म्हणाले. "इथलाही."

मी जवळ गेले.

चित्रावरची माती ठिकठिकाणी झिजली होती. तळव्याएवढ्या, कुठं त्याहून मोठ्या जागा. मी मोजल्या. सात होत्या. रोज येता-जाता हात लावून, तेलाच्या, पिठाच्या, कुंकवाच्या हातांनी पुसून पुसून वरचा रंग विरला होता. आणि त्याच्या खालून, दादा, घरं वर आली होती. तू झाकलेली घरं. उंबराच्या खाली एका दाराची चौकट. पलीकडं कौलांची एक रांग, एक उखळ, दाराच्या बरोबर त्याच अंगाला. बाकी सगळा डोंगर तसाच, गवत तसंच, आणि त्यात सात ठिकाणी वाडी उजेडात येत चाललेली. मी भिंतीला धरून उभी राहिले.

बाळारामदादा माझ्या मागं येऊन उभे होते. मी त्यांना विचारलं, "दादाला हे ठाऊक होतं?"

"मास्तर दर महिन्याला यायचा ना," ते म्हणाले. "पयल्यांदा दार दिसाय लागलं तवा आम्ही घाबरलो. म्हटलं, चित्र नासवलं आपण. त्याला बोलावून आणला. त्यानं बघितलं, जवळ जाऊन बघितलं. मग हितंच भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. उठला तवा बोलला, लावा हात, घाबरू नका."

तू मला हे सांगितलं नाहीस. घरी येऊन सांगितलं असतंस तर भांडण तिथंच मिटलं असतं. पण सांगितलं असतंस तर मी ते तुझ्याकडून ऐकलं असतं, आणि तुझ्याकडून ऐकून मी ते मानलं असतं का, मला माहीत नाही. वरचा थर तू मुद्दाम पातळ दिला होतास का? तुला आधीपासून ठाऊक होतं, की तुलाही त्या दिवशीच कळलं? हे विचारायला आता कोणी नाही. मी तुला जे म्हणाले ते चूक होतं, हे मात्र त्या भिंतीसमोर उभी राहून मी मोठ्यानं म्हणाले. बाळारामदादांनी ऐकलं. त्यांनी विचारलं नाही काय म्हणून.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात त्यांचा मुलगा आणि नवी सून आली. गेल्याच महिन्यात लग्न झालंय, मुलगी पाचाडची. हळद अजून उतरलेली नाही. माझ्यासाठी चहा घेऊन आली होती. सोनाबाय दाराशी बसली होती, ती म्हणाली, "ये गो, हात लाव. तुझी सासू हाय ती."

सुनेनं कप खाली ठेवले, पदर सारखा केला आणि उंबराखालच्या त्या झिजल्या जागेवर तळवा ठेवला. मग हात काढून वाकून बघायला लागली. अजून थोडा रंग गेला होता वाटतं, कारण ती म्हणाली, "आत पडवीत दोरी हाय. लुगडं वाळत टाकलंय त्यांनी. पिवळं."

मी त्या चित्रासमोर आठ महिने रोज उभी राहिले होते आणि ते लुगडं मला कधी दिसलं नव्हतं.

चाचांनी टेप गुंडाळून खिशात घातली. माझ्याकडं बघितलंही नाही.

बाळारामदादा पुढे झाले. सुनेच्या खांद्यावरून त्यांनी आत बघितलं, आणि त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"डोंगर यायच्या आदल्या दिशी तुझी सासू फोनवर बोललेली," ते म्हणाले. "पाऊस थांबत नाय, पिवळं वाळत नाय, असं बोललेली."